पहिल्या पाकिटातला आकडा

नियम मी केला होता, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढे तो मोडल्याचं वाचताना कुणी उगाच दुसऱ्या कुणावर बोट ठेवायला नको.

मी प्रभाकर ओगले. पनवेलच्या कॉलेजात चौतीस वर्षं फिजिक्स शिकवलं. अर्धं गाव माझा विद्यार्थी आहे, आणि त्यातले निम्मे माझ्या विषयात नापास झालेले आहेत. रस्त्यात सगळ्यात मनापासून नमस्कार करतात ते हेच. रंजिता घरत नापास झाली नाही. जवळच्या ओवे गावची ही मुलगी पहिल्या बाकावर बसायची आणि फळ्यावर माझं काही चुकलं की हात वर न करता सरळ सांगायची. मला तिचा राग यायचा आणि तास संपला की आनंद व्हायचा. पुढे तिने पीएच.डी. केली, चार वर्षं परदेशात काढली आणि आता मुंबईच्या एका संस्थेत ठरावीक मुदतीच्या फेलोशिपवर होती. मुदत मार्चअखेर संपत होती. कायमच्या जागेसाठी अर्ज करताना दाखवायला तिच्याकडे एकच मोठी गोष्ट होती, तिचा चालू पेपर.

त्या पेपरात काय होतं ते सोप्या शब्दांत सांगतो. नाहीतरी आयुष्यभर तेच केलंय. बी मेसॉन नावाचा एक कण असतो. तो जन्मतो आणि सेकंदाच्या लाख-कोटीव्या भागात, म्हणजे जवळजवळ लगेचच, फुटून दुसऱ्या कणांत बदलतो. फुटण्याचे त्याचे शेकडो प्रकार आहेत. त्यातला एक फार दुर्मीळ. त्यात एक पायॉन आणि दोन म्यूऑन बाहेर पडतात, आणि तेही ऊर्जेच्या एका ठरावीक पट्ट्यात मोजायचे. असे किती? शंभर कोटी बी मेसॉन घेतले तर चार-पाच. हा आकडा आज माहीत असलेल्या नियमांवरून कागदावर काढता येतो. प्रयोगशाळेत मोजलेला आकडा त्याच्याशी जुळला, तर आपले नियम पुरेसे आहेत. नाही जुळला, तर आपल्याला माहीत नसलेला एखादा कण मध्ये हात घालतोय. म्हणून कागदावरचा आकडा बिनचूक लागतो. तोच चुकला, तर नसलेला कण सापडल्याचा बोभाटा होतो आणि सहा महिन्यांनी सगळं जग हसतं.

आता नियम. असलं गणित दोघांनी, इथे रंजिताने आणि तिच्या पडताळणीसाठी मी, वेगवेगळं करायचं, एकमेकांचे कागद बघायचे नाहीत. उत्तर आलं की पाकिटात घालून चिकटवायचं, पाकिटाच्या तोंडावर सही आणि तारीख टाकायची आणि पाकीट तिसऱ्याकडे ठेवायचं. दोन्ही पाकिटं जमली की समोरासमोर उघडायची. कारण साधं आहे. दुसऱ्याचं उत्तर माहीत असलं, की माणूस त्या उत्तरापर्यंत पोचेस्तोवर आपल्या चुका शोधतो आणि तिथे पोचला की शोधायचं थांबतो. प्रयोगवालेही हेच करतात. त्यांचं उत्तर ते स्वतःपासूनच झाकून ठेवतात. सगळ्या तपासण्या झाल्या की एका ठरलेल्या दिवशी पेटी उघडतात.

आमचा तिसरा माणूस म्हणजे कमलाकर. टपाल नाक्यावर त्याचं मेडिकल आहे. माझा जुना विद्यार्थी. दोनदा नापास. बी मेसॉनशी त्याला काडीचं देणंघेणं नाही, म्हणूनच निवडला. तो पाकिटावर दुकानाचा शिक्का मारायचा आणि काउंटरखालच्या खणात टाकायचा.

माझं गणित जानेवारीच्या सुरुवातीला संपलं. आकडा आला ४.९. पाकीट बंद करून कमलाकरकडे दिलं. रंजिताचं अजून चालू होतं.

दहा-बारा दिवसांनी सकाळी जगनशेठ आले. जगन घरत, रंजिताचे वडील. हातात पिशवी, पिशवीत अख्खा जिताडा. मुलगी शिकली यात माझा काही हात आहे असं त्यांनी एकदा ठरवून टाकलंय, तेव्हापासून दर वर्षी तळ्यातला पहिला मोठा मासा आमच्याकडे येतो. मी पुष्कळदा नको म्हणून पाहिलं. अरुंधतीने, म्हणजे माझ्या बायकोने, एकदाही म्हटलं नाही.

जगनशेठ खुर्चीवर बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "सर, पोरीचा आकडा आला."

मी बोलायच्या आत त्यांनी पुढचं सांगूनही टाकलं. "चार पॉइंट एक. भिंतीवर लिवून ठेवलाय तिनं. आमच्या घरात सगल्यांना पाठ हाय. तुमचा पन तवराच असंल ना?"

मी म्हणालो, "बघू." दुसरं काय म्हणणार? त्या माणसाच्या तोंडावर इतका आनंद होता की नियम सांगणं मला जमलं नाही. आणि तसं पाहिलं तर काही बिघडलंही नव्हतं. माझा आकडा आधीच पाकिटात होता. बिघडवलं ते मी.

त्या वर्षी माझ्या डोक्याचा मला भरवसा वाटेनासा झाला होता. दोनदा मी बाजारातून निघून थेट लाइन आळीतल्या जुन्या भाड्याच्या घराच्या जिन्यापर्यंत जाऊन आलो होतो. ते घर सोडून अकरा वर्षं झालीत. एका विद्यार्थ्याचं नाव आठवेना, तर त्याला "काय रे, काय म्हणतोस" करत वीस मिनिटं काढली. हे मी अरुंधतीला सांगितलं नव्हतं. त्यामुळे ४.९ आणि ४.१ समोर आल्यावर कोण चुकलं हा प्रश्न मला पडलाच नाही. ती पस्तिशीची, हुशार, हाताशी कॉम्प्युटर. मी त्र्याहत्तरचा, हाताशी पेन्सिल. मला भीती वाटली. दुकानात दोन्ही पाकिटं उघडतील, ती माझ्या आकड्याकडे बघेल आणि मग सांभाळून घेतल्यासारखं काहीतरी गोड बोलेल. ते गोड बोलणं मला नको होतं.

चार दिवस मी वही चाळली. पाचव्या दिवशी चूक सापडली. गणितात अनेक पदं असतात, त्यांची बेरीज करायची. त्यातलं एक पद, अप क्वार्क नावाच्या कणामुळे येणारं, मी दोनदा मोजलंय असं माझ्या लक्षात आलं. ते काढून टाकलं. उत्तर आलं ४.१. मला इतकं हलकं वाटलं की संध्याकाळी मी अरुंधतीला वडाळे तलावावर फिरायला नेलं. तिने दोनदा विचारलं, "बरं वाटतंय ना तुम्हाला?"

दुसऱ्या दिवशी नवं पाकीट घेऊन मी मेडिकलमध्ये गेलो. कमलाकरला म्हटलं, "ते जुनं फेकून दे, हे ठेव. एक चूक राहिली होती."

"बरं सर," तो म्हणाला आणि शिक्का मारला.

आठवड्याने रंजिता तिचं पाकीट घेऊन आली. काउंटरवर दोन्ही उघडली. ४.१ आणि ४.१. ती हसली, मीही हसलो. गिऱ्हाइकांना वाटलं आम्हाला लॉटरी लागली. पेपर इंटरनेटवर गेला आणि त्यात शेवटी एक ओळ होती: 'या आकड्याची स्वतंत्र पडताळणी प्र. वि. ओगले यांनी केली.' तीस वर्षांत माझं नाव कुठे छापून आलं नव्हतं. ती ओळ मी पुन्हा पुन्हा वाचायचो. अरुंधतीला वाटायचं मी बातम्या वाचतोय.

फेब्रुवारीत प्रयोगवाल्यांनी जाहीर केलं की त्यांची पेटी पुढच्या मंगळवारी उघडणार. रंजिताचा फोन आला. "सर, पेपरला एक पुरवणी जोडते. तुमच्या पायऱ्या नीट लिहून द्याल का? शुक्रवारपर्यंत चालेल."

गुरुवारी सकाळी मी लिहायला बसलो. आठ पानं सरळ झाली. नवव्या पानावर ते पद काढून टाकल्याची जागा आली. मी लिहिलं, 'हे पद आधीच मोजले गेले आहे, कारण', आणि पेन थांबलं. 'कारण'च्या पुढे मला काही येईना. चहा घेऊन आलो. पुन्हा बसलो. येईना. मुलांना मी चौतीस वर्षं सांगत आलो की ज्याचं कारण लिहिता येत नाही ते तुम्हाला कळलेलं नाही. दुपारपर्यंत मी सगळी पदं वेगवेगळ्या कागदांवर मांडली आणि एकेक पद कुठून येतं ते तपासलं. अपवालं पद कुठेही दुसऱ्यांदा आलेलं नव्हतं. ते एकदाच होतं आणि जिथे हवं तिथेच होतं. पहिल्यांदा मी बरोबर केलं होतं. मी चूक शोधत नव्हतो, ४.१ शोधत होतो.

डोकं शाबूत होतं. धीर सुटला होता.

खरं सांगायचं तर मी तेव्हा गप्प बसायचाही विचार केला. शुक्रवारचा अख्खा दिवस केला. रंजिताला पुरवणीचं उद्या देतो म्हणून कळवलं. मंगळवारी पेटीतून ४.१ निघालं तर प्रश्नच मिटला. पण ४.९च्या आसपास निघालं तर? जग म्हणणार, नवा कण. रंजिताचं नाव सगळीकडे होणार. मग जर्मनीतला नाहीतर जपानमधला कुणीतरी तिचं गणित उघडून बसणार, ते काढल्यावरच ४.१ येतो, म्हणजे ते पद तिच्याकडे नाही हे त्याला दिसणार, आणि तिचं नाव पुन्हा सगळीकडे होणार. पेटी उघडायच्या आधी केलेली दुरुस्ती ही दुरुस्ती असते. उघडल्यानंतर केली तर तिला पळवाट म्हणतात. आणि माझ्या नावाची ती ओळ धडधडीत खोटी होती.

शनिवारी सकाळी रिक्षा करून ओव्याला गेलो. जुन्या घराच्या जागी जगनशेठनी चार मजले चढवलेत. तिसऱ्यावर रंजिता. जगनशेठ मागोमाग वर आले. सर आलेत म्हटल्यावर त्यांना खाली करमेना. भिंतीवर खडूने मोठा ४.१ लिहिलेला होता आणि त्याभोवती कुणीतरी रांगोळीसारखी नक्षी काढली होती.

मी बसलो नाही. उभ्यानेच सांगितलं. "रंजिता, माझी पडताळणी स्वतंत्र नव्हती. तुझा आकडा मला आधी कळला होता. माझा वेगळा होता. मी तो बदलून तुझ्याशी जुळवला आणि पाकीटही बदललं. आता दिसतंय की बदलायला नको होता."

तिने लॅपटॉप बंद केला. "कुठून कळला?"

ते मला सांगायचं नव्हतं. तिने माझ्याकडे बघितलं, मग भिंतीकडे, मग दारात उभ्या असलेल्या वडिलांकडे.

"मीच सांगितला," जगनशेठ म्हणाले. "मना काय ठाव, सांगायचा नसतो? मी आनंदानं सांगितला."

"बाबा, तुमची चूक नाय," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. आवाज चढला नव्हता, पण फळ्यावरची चूक दाखवतानाचा तो जुना आवाज होता. "बाबांना नियम माहीत नव्हता, सर. तुम्हाला होता. तुम्हीच केलेला."

मी म्हणालो, "माझा आधीचा आकडा—"

"स्टॉप," ती म्हणाली. "आकडा सांगू नका. काय बदललंत तेही नाही. एक शब्द नको."

"अगं, मंगळवारी पेटी उघडतेय. मी जागा दाखवली तर पाच मिनिटांत—"

"आणि मग मी तुम्ही दाखवलेल्या जागी बघणार, तिथे काहीतरी सापडणार आणि मी थांबणार. तुम्ही केलंत तेच मी करायचं का?" ती खुर्चीत बसली. "आधीचं पाकीट कुठाय?"

"कमलाकरला फेकायला सांगितलं."

"मग वहीचा काय उपयोग? पेन्सिलने लिहिता, रबराने खोडता. आधी काय होतं ते आता तुमच्या शब्दावरच मानायचं." तिने लॅपटॉप पुन्हा उघडला. "मला सोमवार सकाळपर्यंत वेळ आहे. सगळं पुन्हा तपासते. तुम्ही घरी जा, सर. फोन करू नका."

खाली येताना जगनशेठ माझ्याबरोबर आले. जिन्यात म्हणाले, "लय चुकलं काय वो माझं?" मी म्हणालो, "तुमचं नाही हो, जगनशेठ. चुकलं ते माझं." पण त्यांची समजूत पटली नाही, ते मला रिक्षातून दिसत होतं.

तिथून सरळ टपाल नाक्यावर. कमलाकर काउंटरवर एका आजींना गोळ्या सकाळच्या कुठल्या, रात्रीच्या कुठल्या ते समजावत होता. मी थांबलो. मग विचारलं, "कमलाकर, ते पाकीट मी फेकायला सांगितलं होतं, जानेवारीत. कधी फेकलंस?"

"फेकलं कुठे?" तो म्हणाला. त्याने मागचा एक खोका ओढला. मुदत संपलेल्या औषधांचा. खोकल्याची औषधं, मलमं, डोळ्यांचे ड्रॉप, आणि त्यांच्या तळाशी माझं पाकीट. न उघडलेलं. माझी सही, सहा जानेवारी, वर त्याचा शिक्का. "सर, दुकानात परत आलेली वस्तू आम्ही फेकत नाही. कंपनीचा माणूस येऊन बघेपर्यंत ठेवायची असते. तुमची कंपनी कुठली ते मला माहीत नव्हतं, म्हणून ठेवून दिलं."

या माणसाला मी दोनदा नापास केलं होतं. मी त्याला म्हटलं, हे रंजिताशिवाय कुणाच्या हातात देऊ नकोस. माझ्यासुद्धा.

रविवार कसा गेला ते विचारू नका. पद कुठलं ते मला माहीत होतं. एक मेसेज केला असता तर काम झालं असतं. फोन मी अरुंधतीकडे दिला आणि सांगितलं, मागितला तरी देऊ नकोस. मागे लागून तिने सगळं काढून घेतलं. जुन्या घराच्या जिन्यापर्यंत जाऊन येतो, तेही. ती म्हणाली, "मीही दोनदा गेले आहे. रिक्षावाल्याला सवयीने तोच पत्ता सांगते." आणि ती मटार सोलायला बसली. इतके महिने मी उगाच घाबरत होतो की काय, कुणास ठाऊक.

सोमवारी दहाला मेडिकल उघडलं तेव्हा रंजिता आधीच पायरीवर उभी होती. डोळे सुजलेले. बरोबर जगनशेठ. ते मला म्हणाले, "दोन दिस तिच्या खोलीत कुनाला जाऊ दिलं नाय. मी पन नाय गेलो." भिंत तेवढी त्यांनी शनिवारी मी निघाल्याबरोबर स्वतः ओल्या फडक्याने पुसून टाकली होती.

तिने तिचं पाकीट काउंटरवर ठेवलं. कमलाकरने खोक्यातलं माझं काढलं. मी दोन पावलं मागे उभा राहिलो. माझं पाकीट तिने उघडलं, तिचं कमलाकरने.

तिच्या कागदावर ४.९. माझ्या कागदावर ४.९.

मग ती माझ्याकडे न बघता बोलायला लागली. "माझा प्रोग्राम पीएच.डी.च्या वेळचा आहे. तेव्हा मी याच्या भावंडाचं गणित करत होते, पायॉनऐवजी केऑन निघतो ते. तिथे अप क्वार्कचं पद इतकं लहान असतं की मी ते शून्य करून टाकलं होतं. एक ओळ. सहा वर्षांपूर्वीची. या गणितात ते लहान नसतं. हे मला माहीत आहे, सर. मी हे पोरांना शिकवते." तिने दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. "मी प्रत्येक नवी ओळ तपासली होती. जुनी नाही."

मला तिच्या डोक्यावर हात ठेवावासा वाटला. ठेवला नाही. तेवढा हक्क त्या क्षणी माझा नव्हता.

दुपारी दुरुस्त पेपर गेला. आधीचा आकडा, नवा आकडा, शून्याची ती ओळ, सगळं तिने लिहिलं. माझ्याबद्दल काय लिहायचं ते मीच सांगितलं, आणि तिने एक शब्दही मऊ केला नाही: 'पहिल्या आवृत्तीतील पडताळणी स्वतंत्र नव्हती. प्र. वि. ओगले यांनी आमचा आकडा कळल्यावर आपला बदलला होता. त्यांचे त्याआधीचे, ६ जानेवारीचे, बंद पाकीट सोमवारी उघडले. त्यातील आकडा नव्या आकड्याशी जुळतो.'

मंगळवारी पेटी उघडली. ४.८, थोडं इकडे-तिकडे. जुळलं. नवा कण नाही, बातमी नाही, कुठल्याही पेपरात ओळ नाही. आमच्या धंद्यात बहुतेक वेळा असंच होतं आणि ते चांगलंच असतं.

मुलाखतीत तिला पाऊण तास फक्त पेपरातल्या त्या टिपेबद्दल विचारलं. एकाने विचारलं, हे ओगले कोण. ती म्हणाली, "माझे सर. पनवेलला असतात." एवढंच. हे तिने मला सांगितलं नाही, जगनशेठनी सांगितलं. जूनमध्ये ती कायमच्या जागेवर रुजू झाली.

मला वाटलं होतं ती आता दुसरं कुणी बघेल. मी असतो तर बघितलं असतं. ऑगस्टमध्ये ती घरी आली, नव्या गणिताचा विषय टेबलावर ठेवला, आणि वर शाईचं पेन ठेवलं. म्हणाली, "पेन्सिल बंद, सर."

परवा माझं गणित संपलं. तिचंही संपत आलं असावं, कारण काल जगनशेठ येऊन गेले. तासभर बसले. पाऊस, तळं, मासे, मेट्रो, सगळं बोलले आणि आकड्याचं अक्षरही काढलं नाही. जाताना मात्र दारात थांबले. म्हणाले, "आकडा आलाय. पन मी बगितलाच नाय."

आज पाकीट घेऊन मेडिकलमध्ये गेलो. सही, तारीख, शिक्का. आकडा काय ते इथे लिहीत नाही. घरातून निघाल्यापासून तीच भीती होती, ती काही जात नाही. मी कमलाकरला म्हटलं, "हे बघ, मी बदलायला आलो तर ऐकू नकोस. शिव्या घातल्या तरी जुनं ठेवून दे."

त्याने पाकीट खणात टाकलं आणि खण लावला.

"मागच्या वेळी तरी कुठे ऐकलं होतं, सर?"